जुन्या गाडीचा फ्युएल फिल्टर घरी बदलताना: कामाचा क्रम आणि नेहमी चुकणाऱ्या जागा

फिल्टर बदलला आणि गाडी सुरूच होईना. किंवा सुरू झाली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास सुटला. घरी फ्युएल फिल्टर बदलणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी या दोन प्रकारच्या असतात, आणि दोन्हींत नव्या फिल्टरचा काही दोष नसतो. डिझेल गाडीत हवा काढायची राहिलेली असते. पेट्रोल गाडीत क्लिप चुकीच्या जागी बसलेली असते, नाहीतर तडकलेली जुनी नळी तशीच ठेवलेली असते. आणखी एक चूक आहे, तिची तक्रार कमी ऐकू येते, पण ती सगळ्यांत वाईट. लायनीतलं प्रेशर न काढताच नळी ओढली जाते आणि पेट्रोलची चिळकांडी थेट डोळ्यांवर किंवा गरम सायलेन्सरवर येते.

फिल्टर काढून दुसरा बसवणं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. त्याच्या आधीची तयारी आणि नंतरची तपासणी धरून अर्धा दिवस मोकळा ठेवा. एवढा वेळ नसेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला.

१. दोष फिल्टरचाच आहे का?

फिल्टर तुंबला की गाडी सपाट रस्त्यावर बरी चालते आणि चढावर दम सोडते. खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरवर अॅक्सिलरेटर दाबला तरी वेग चढत नाही, झटके बसतात, आणि पाय जरा सैल केला की पुन्हा नीट चालायला लागते. इंजिनला जास्त पेट्रोल लागतं तेव्हाच ते कमी पडतं, ही तुंबलेल्या फिल्टरची खूण. याउलट गाडी उभ्या जागी, आयडलला, मिसिंग करत असेल तर आधी स्पार्क प्लग, प्लगच्या वायरी आणि एअर फिल्टर बघा. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची घरघर ऐकू येत नसेल, तर दोष पंपाचा, फ्यूजचा किंवा रिलेचा असू शकतो. तिथे फिल्टर बदलून काही हाती लागणार नाही.

फिल्टर शेवटचा कधी बदलला हेच माहीत नसेल, तर मात्र फार विचार न करता बदलून टाका.

२. तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे ते ओळखा

पुढची प्रत्येक पायरी यावर ठरते, म्हणून इथे घाई नको. टाकीपासून इंजिनपर्यंत पाईप डोळ्यांनी माग काढत जा. फिल्टर त्या वाटेवर कुठेतरी सापडेल: टाकीजवळ खालच्या बाजूला, नाहीतर बॉनेटखाली.

कार्बोरेटरच्या पेट्रोल गाड्यांत (जुनी मारुती ८००, पद्मिनी, अॅम्बॅसेडर) छोटा, बहुधा प्लास्टिकचा फिल्टर असतो. दोन्हीकडे रबरी नळी आणि साधी क्लिप. इथलं प्रेशर अगदी कमी, जेमतेम ३-४ पीएसआय.

फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआय पेट्रोल गाड्यांत धातूच्या डब्यासारखा फिल्टर असतो. इथे प्रेशर साधारण ४०-४५ पीएसआय असतं. गाडीच्या टायरमध्ये आपण ३० पीएसआयच्या आसपास हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. इंजिन बंद केल्यावरही हे प्रेशर लायनीत कितीतरी वेळ टिकून राहतं.

डिझेल गाड्यांत बॉनेटखाली मोठा डबा असतो. बहुतेकांत खाली पाणी काढायचा स्क्रू आणि वर किंवा बाजूला हातपंप असतो.

बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीतच, पंपाच्या जोडीला असतो. तुमच्या गाडीत बाहेर फिल्टर सापडलाच नाही तर शोधत बसू नका. टाकी उघडायचं काम या लेखाच्या बाहेरचं आहे आणि घरी करण्यासारखंही नाही.

> सावध: कार्बोरेटरच्या गाडीचा प्लास्टिकचा फिल्टर एमपीएफआय गाडीला कधीही लावू नका. दिसायला तोंडं सारखी असतात, नळी बसतेही, पण एवढं प्रेशर तो डबा सोसू शकत नाही. चालत्या गाडीत तो फुटला तर पेट्रोल थेट गरम भागांवर उडतं.

३. सामान आधी आणा, गाडी नंतर उघडा

दुकानात गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगून फिल्टर घ्या. घरी आल्यावर जुन्याशेजारी धरून बघा: लांबी, तोंडांची जाडी, बाणाची दिशा, पट्टीत बसणारा घेर. इथे फरक दिसला तर फिल्टर परत करता येतो. जुना काढल्यावर दिसला तर गाडी जॅकवर आणि तुम्ही रिक्षात.

फिल्टरबरोबर नवी नळी आणि नव्या क्लिपा घ्याच. यात कंजुषी करू नका असं मी कळकळीने सांगतो. २०२५ पासून आपल्याकडच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आहे, आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या गाडीतलं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, आतून सुटायला लागतं. नळी बोटांत धरून वाकवा. बाहेरून बारीक चिरा दिसल्या किंवा दाबल्यावर ती चिकट, लिबलिबीत लागली, तर तिचं आयुष्य संपलं. तुम्ही तिला हात लावला नसतात तर कदाचित आणखी महिनाभर टिकली असती. एकदा ओढून काढल्यावर टिकायची नाही.

एमपीएफआयसाठी नळी मागताना ‘इंजेक्शनची नळी’ असं स्पष्ट सांगा. तिच्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं. आर६ किंवा आर७ छापलेली नळी कार्बोरेटरसाठी असते. आतला व्यास कळावा म्हणून जुन्या नळीचा तुकडा सोबत न्या.

क्लिपांचंही तसंच. पट्टीला आरपार खाचा असलेली साधी जुबली क्लिप बारीक नळीवर आवळली की रबर त्या खाचांत घुसतं आणि कापलं जातं. इंजेक्शनसाठी गुळगुळीत पट्टीची, कडा बाहेर वळवलेली क्लिप मिळते. ती घ्या.

बँजो बोल्टची जोडणी असेल, म्हणजे बोल्टच्या पोटातूनच पेट्रोल जात असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंचे नवे वॉशर घ्या. जुने वॉशर एकदा दबले की पुन्हा नीट सील करत नाहीत.

याखेरीज हे हाताशी ठेवा: नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल, सुती कापडाचे चार-पाच तुकडे, धातूचं पसरट भांडं, एलईडी बॅटरी, मापाचे दोन पाने आणि एबीसी पावडरचं अग्निशामक. इनॅमलची पांढरी थाळी असेल तर तीही काढून ठेवा. तिचा उपयोग पुढे येईल.

> सावध: पाण्याची पातळी बघायला गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब फ्युएल लाईनला लावलेली मी एकाहून जास्त गाड्यांत पाहिली आहे. ‘आतलं पेट्रोल दिसतं’ म्हणून लोकांना ती आवडते. पेट्रोलने ती काही महिन्यांत कडक होते, पिवळी पडते आणि क्लिपच्या कडेला तडकते. तुमच्या गाडीत अशी ट्यूब दिसली तर फिल्टरबरोबर तीही काढून टाका.

४. जागा निवडा

उघडं अंगण किंवा मोकळी पार्किंग. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, बंद गॅरेजमध्ये किंवा सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात उतरून हे काम करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, खोलगट जागी साठते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत सरपटत जाते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, तेव्हा थंडीची सकाळ आहे म्हणून धोका कमी, असंही नाही.

आता घराच्या नजरेने आजूबाजूला बघा. तुळशीपुढचा दिवा, उदबत्ती, डासांची कॉइल, बाहेर लावलेला गॅस गीझर, गॅरेजातला फ्रीज किंवा इन्व्हर्टर, शेजारी चाललेलं वेल्डिंग: यातलं काहीही जवळ नको. पिवळा बल्ब लावलेला वायरचा दिवा गाडीखाली नेऊ नका. तो हातून निसटून फुटला की आतली तार क्षणभर लाल असते आणि तेवढं पुरतं. नायलॉन, टेरिकॉटचे कपडे टाळा, सुती घाला.

सायलेन्सर हाताला थंड लागेपर्यंत थांबा. नुकतीच फिरून आलेली गाडी असेल तर किमान तासभर.

टाकीत पेट्रोल पाव किंवा त्याहून कमी असताना काम करा. टाकी भरलेली असली की नळी सुटताच पेट्रोल आपल्या वजनाने वाहत राहतं. ते कमी करण्यासाठी नळीला तोंड लावून पेट्रोल ओढायची जुनी सवय मात्र कायमची सोडा. घोटभर पेट्रोल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसं सुजतात. कुणी चुकून गिळलंच तर त्याला उलटी करायला लावू नका, सरळ दवाखान्यात न्या.

५. प्रेशर काढा (एमपीएफआयसाठी सक्तीचं)

क्रम असा:

१. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून टाकीतली वाफ सोडा. झाकण पुन्हा सैलसर ठेवा.

२. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या तक्त्यात फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले शोधा आणि उपसून काढा.

३. इंजिन सुरू करा. लायनीत उरलेल्या पेट्रोलवर ते थोडा वेळ चालेल, मग गचके देत बंद पडेल.

४. बंद पडल्यावर आणखी दोन-तीनदा, प्रत्येकी चार-पाच सेकंद सेल्फ मारा.

५. किल्ली काढा. आता बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा.

बॅटरी शेवटी. पुष्कळजण ‘सुरक्षिततेसाठी’ म्हणून तीच सगळ्यांत आधी काढतात. मग इंजिन सुरूच करता येत नाही, प्रेशर आहे तसं राहतं आणि नळी काढताना तोंडावर येतं.

सीएनजी बसवलेल्या गाडीत इथे आणखी एक फसगत होते. पंपाचा फ्यूज काढला तरी इंजिन काही बंद पडत नाही, कारण ते गॅसवर चाललेलं असतं. माणूस पाच मिनिटं वाट बघतो, मग कंटाळून किल्ली बंद करतो आणि प्रेशर गेलं असं समजतो. स्विच पेट्रोलवर करून, गाडी खरोखर पेट्रोलवर चालते आहे हे बघून मगच वरच्या पायऱ्या घ्या. ते झाल्यावर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. गॅसच्या लाईनचा फिल्टर वेगळा असतो, त्याला घरी हात लावू नका.

कार्बोरेटरच्या गाडीला एवढं करावं लागत नाही. टाकीचं झाकण उघडा, बॅटरी सोडा, पुरे.

> तपासा: सेल्फ मारल्यावर इंजिन अजिबात पकडत नाही ना? एखादा जरी फायर ऐकू आला तरी प्रेशर शिल्लक आहे. बॅटरी सोडली असेल तर पुन्हा जोडा आणि तिसऱ्या पायरीपासून परत करा.

६. गाडी उचला (फिल्टर खाली असेल तरच)

गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. जॅकने उचला, सपाट आणि कठीण जमिनीवर जॅक स्टँड (गाडीचं वजन पेलणारी लोखंडी घोडी) लावा, गाडी स्टँडवर टेकवा. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड द्या. फक्त मागचा भाग उचलायचा असेल तर हँडब्रेकचा भरवसा धरू नका. बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना असतो आणि ती तर हवेत आहेत. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जात असेल तर अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवा. पद्मिनी, अॅम्बॅसेडरसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरचाही उपयोग नाही, तिथे पुढच्या चाकांच्या ठोकळ्यांवरच सगळी मदार.

स्टँडऐवजी विटा किंवा जांभ्याचे चिरे लावलेले नेहमी दिसतात. वीट वजनाखाली हळूहळू दबत नाही, एकदम फुटते. स्टँड नसतील तर मागून आणा, भाड्याने घ्या, नाहीतर ही पायरी गॅरेजात करून घ्या.

> तपासा: खाली जाण्याआधी गाडीला बाजूने जोर लावून हलवा. जराही डुलली तर स्टँड पुन्हा लावा. घरातल्या एकाला तुम्ही गाडीखाली आहात हे सांगून ठेवा.

७. जुना फिल्टर काढणं

आधी फोटो काढा. बाण कुठल्या दिशेला आहे आणि कुठली नळी कुठल्या तोंडाला आहे, ते स्पष्ट दिसू द्या. नंतर ब्रश आणि कापडाने सांधे पुसा. गाडीखालच्या फिल्टरवर वर्षानुवर्षांचा चिखल बसलेला असतो. नळी सुटताच त्यातला चिमूटभर जरी आत गेला, तरी इंजिनकडच्या बाजूला तो अडवणारं पुढे काही नाही.

भांडं खाली ठेवा. सांध्याभोवती कापड गुंडाळा आणि कापडाआडूनच हळूहळू सैल करा. प्रेशर काढलेलं असलं तरी फिल्टरच्या पोटातलं पेट्रोल बाहेर येणारच.

रबरी नळी निघत नसेल तर पक्कडीने पिळू नका. प्लास्टिकच्या फिल्टरचं तोंड मोडून नळीत अडकतं आणि धातूचा पाईप असेल तर तो वाकतो. तुम्ही नवी नळी आणलीच आहे, तेव्हा जुनी सरळ रेषेत लांबीला चिरा आणि सोलून काढा. पात्याचा ओरखडा पाईपवर उठू देऊ नका.

धातूच्या पाईपला नट असेल तर दोन पाने लागतातच. एकाने फिल्टरचा षटकोनी भाग घट्ट धरा, दुसऱ्याने नट फिरवा. एकाच पान्याने जोर लावलात तर नटाबरोबर पाईपही पिळला जातो. जुना, गंजलेला पाईप पिळला की मग टाकीपासून पुढचा सगळा पाईप बदलायची वेळ येते. आदल्या रात्री नटावर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं तर हा सगळा त्रास वाचतो.

प्लास्टिकच्या क्विक कनेक्टरला, म्हणजे नट-क्लिपशिवाय दाबून बसणाऱ्या जोडणीला, जोर लागत नाही, स्वच्छता लागते. खाचेतली माती ब्रशने काढा, कनेक्टर आधी फिल्टरकडे थोडा ढकला, मग त्याच्या दोन्हीकडच्या प्लास्टिकच्या पाकळ्या दाबून सरळ मागे ओढा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. जुनं प्लास्टिक चण्यासारखं फुटतं.

टाकीकडची नळी सुटली की लगेच तिच्या तोंडात योग्य जाडीचा स्वच्छ बोल्ट घाला, म्हणजे पेट्रोल वाहणार नाही.

आता ती पांढरी थाळी घ्या. जुना फिल्टर उलटा धरून, टाकीकडच्या तोंडातून त्यातलं पेट्रोल थाळीत ओता आणि पाच मिनिटं स्थिर राहू द्या. तळाला वीटकरी रंगाची पूड बसली तर टाकी आतून गंजते आहे. काळे, मऊ कण दिसले तर कुठलीतरी नळी आतून सुटते आहे. पेट्रोलखाली गोल, पारदर्शक थेंब घरंगळत असतील, थाळी कलती केली की एकत्र येऊन पाऱ्यासारखे पळत असतील, तर ते पाणी. एकदा माझ्या जुन्या हॅचबॅकच्या फिल्टरमधून चहाच्या रंगाचं पेट्रोल निघालं होतं आणि तळाला बोटाने रेघ ओढता येईल एवढा गंज. नवा फिल्टर चार महिन्यांत पुन्हा तुंबला. टाकी उतरवून साफ करून घेतली तेव्हा कुठे गाडी सुधारली. ही पाच मिनिटांची बघणी पुढच्या खर्चाचा अंदाज देते, म्हणून ती टाळू नका.

८. नवा फिल्टर बसवणं

बाण इंजिनकडे. टाकीतून येणारं पेट्रोल बाणाच्या मागून शिरतं, पुढून बाहेर पडतं. बाण नसेल तर दोन तोंडांवर ‘आयएन’ आणि ‘आउट’ची इंग्रजी अक्षरं असतात. उलटा लावला तरी गाडी सुरू होते आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही. काही दिवसांनी चढावर दम तुटायला लागतो.

तोंडावरची टोपणं अगदी शेवटच्या क्षणी काढा. नळी ढकलण्याआधी क्लिप नळीवर चढवून ठेवा, नंतर ती घालता येत नाही. नळी तोंडावर किमान २०-२५ मिलिमीटर आत जाऊ द्या. तोंडाला जो उंचवटा असतो तो नळीने पूर्ण गिळला पाहिजे.

गळतीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ यानंतरच्या कृतीत आहे. क्लिप उंचवट्याच्या मागे, म्हणजे फिल्टरच्या पोटाकडे बसवायची आणि नळीच्या टोकापासून तीन-चार मिलिमीटर आत ठेवायची. उंचवट्यावरच आवळली तर ती हळूहळू घसरते. अगदी टोकाला आवळली तर रबर चिरतं. घट्ट किती? नळी हाताने फिरवून फिरत नाही, पण रबर क्लिपच्या कडेने फुगून वरही आलेलं नाही, इतकी. आणखी अर्धा फेरा ‘सुरक्षिततेसाठी’ दिला की रबर कापलं जातं.

नटाच्या जोडणीत पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर नट तिरका बसला आहे. आट्यांवर टेफ्लॉन टेप, एम-सील, शेलॅक काहीही लावू नका. तिथलं सील धातूवर धातू बसून होतं आणि टेपचे धागे सुटून थेट इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या बारीक तोटीपर्यंत, जातात. क्विक कनेक्टर ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत ढकला, मग मागे ओढून बघा.

फिल्टर त्याच्या पट्टीत पक्का बसवा. लोंबकळत राहिलेला फिल्टर थरथरून नळी घासतो. धातूच्या फिल्टरला मूळची अर्थिंगची वायर असेल तर ती परत जोडा.

९. सुरू करण्याआधी गळती तपासा

सांडलेलं पेट्रोल पुसा, कापडं लांब न्या, वास जाईपर्यंत थांबा. बॅटरी जोडताना ठिणगी उडते, म्हणून हा थांबा महत्त्वाचा. मग फ्यूज बसवा आणि बॅटरी जोडा.

एमपीएफआय गाडीत किल्ली नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. पंप दोन-तीन सेकंद घरघरून थांबेल. किल्ली बंद. असं चार वेळा करा. लाईन भरली, प्रेशर आलं. आता प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून दोन मिनिटं ठेवा आणि उजेडात बघा. डोळ्यांना न दिसणारी पाझर कागदावर ओला डाग म्हणून दिसते. डाग असेल तर थांबा, प्रेशर पुन्हा काढा आणि सांधा पुन्हा करा. प्रेशरखाली क्लिप आवळत बसू नका.

कागद कोरडा राहिला तर इंजिन सुरू करा, पाच मिनिटं चालू द्या, थोडी रेस द्या आणि पुन्हा तोच कागद. चालत्या इंजिनपाशी सैल कपडे आणि हात पंख्यापासून दूर ठेवा.

कार्बोरेटरच्या गाडीत पंप इंजिनवरच चालतो, म्हणून आधी सेल्फ मारावाच लागतो. दहा सेकंद सेल्फ, अर्धा मिनिट विश्रांती. तीन-चार वेळांत कार्बोरेटरची वाटी भरते. सलग मिनिटभर मारत राहिलात तर सेल्फ तापून जळेल. प्लास्टिकच्या फिल्टरमध्ये हवेचा छोटा बुडबुडा कायम राहिलेला दिसतो, त्याची काळजी करू नका.

१०. डिझेल गाडी: खरं काम हवा काढण्याचं

डिझेलमध्ये आगीचा धोका तुलनेने कमी, पण कटकट जास्त. लायनीत हवा राहिली की गाडी सुरू होत नाही. आपले मिस्त्री म्हणतात तसं, गाडीने एअर पकडलेली असते.

आधी खालचा स्क्रू सोडून फिल्टरमधलं पाणी आणि डिझेल भांड्यात काढा. आसपासचे पट्टे आणि अल्टरनेटर प्लास्टिकने झाका. फिल्टर फिरवून काढल्यावर वरच्या टोपीकडे नीट बघा आणि बोट फिरवून खात्री करा. जुनी रबरी रिंग पुष्कळदा तिथेच चिकटून राहते. तिच्यावर नवी रिंग चढली की दोन रिंगांमधून हवा आत येते. गाडी सुरू होते, दोन किलोमीटरवर बंद पडते आणि कारण काही केल्या सापडत नाही.

पाण्याचा सेन्सर जुन्या फिल्टरच्या बुडाला असेल तर तो काढून नव्याला लावा, नवी रिंग घालून. हा सेन्सर जुन्या फिल्टरबरोबर कचऱ्यात गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

नव्या रिंगला स्वच्छ डिझेलचा हात लावा. फिल्टर हाताने फिरवा, रिंग टेकली की डब्यावर छापलेलं असेल तेवढंच पुढे, साधारण पाऊण फेरा. पान्याने आवळू नका. काहीजण फिल्टर आधीच डिझेलने भरून लावतात. भरायचाच असेल तर कडेच्या बारीक छिद्रांतून भरा. मधल्या मोठ्या छिद्रातून ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपात जातं.

आता हवा. फिल्टरच्या टोपीवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) दीड-दोन फेरे सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी नुसती हवा फुसफुसेल, मग फेसाळ, पांढुरकं डिझेल येईल, मग बुडबुड्यांची माळ आणि शेवटी अखंड, स्वच्छ धार. धार आली की पंप दाबलेला असतानाच स्क्रू बंद करा. पंपावरून हात काढून मग स्क्रू आवळला तर सैल आट्यांतून हवा परत आत ओढली जाते. ही एक लकब साधली की निम्मं काम झालं. इंजेक्शन पंपावर ब्लीड स्क्रू असेल तर तिथेही हेच करा. हे स्क्रू मऊ धातूचे असतात, जोर लावला तर आटे जातात. शेवटी हातपंप कडक लागेपर्यंत मारा आणि मग सेल्फ.

> सावध: गाडीवर सीआरडीई, सीआरडीआय, डीडीआयएस, डायकॉर असं काही लिहिलेलं असेल तर ती कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच मोठ्या प्रेशरच्या पाईपमधून डिझेल पुरवणारी, आहे. तिथे इंजेक्टरकडच्या पाईपचे नट सैल करून हवा काढायची नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत मिस्त्री तसं करतात, पण कॉमन रेलच्या पाईपमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं. तिची हवा फक्त फिल्टरच्या बाजूने, हातपंपाने किंवा किल्ली ऑन-ऑफ करून काढा. फिल्टर आधी भरूनही लावू नका.

डिझेलची अशी बारीक धार कातडीत घुसली तर वर फक्त सुई टोचल्याएवढी खूण दिसते आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. तरी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘प्रेशरचं डिझेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट गमवावं लागतं.

११. काम झाल्यावर

दहा-पंधरा मिनिटांची फेरी मारा, त्यात एखादा चढ येऊ द्या. परत आल्यावर पुन्हा टिश्यू. मग दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी खाली वाकून बघा आणि वास घ्या. रात्रभरात रबर बसतं, आकसतं आणि संध्याकाळी कोरडा असलेला सांधा सकाळी ओला सापडू शकतो. आठवड्याने आणखी एकदा.

पेट्रोलने भिजलेली कापडं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. उघड्यावर पसरून पूर्ण सुकवा. सांडलेल्या डिझेलवर माती किंवा लाकडाचा भुसा टाका आणि झाडून घ्या. तसंच राहिलं तर पहिल्या पावसाच्या सरीला गेटपाशी एखादा दुचाकीवाला घसरेल. थाळीतलं गढूळ पेट्रोल गटारात किंवा बेसिनमध्ये ओतू नका, परत टाकीतही नको. धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि जुन्या फिल्टरसकट गॅरेजवाल्याकडे द्या. त्याच्याकडे जळकं ऑईल नेणारा माणूस येत असतो.

नव्या फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. गाडीखालचा फिल्टर असेल तर लिहिलेलं चिखलाने जाईल, म्हणून तेच आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला, ऑईल बदलल्याची चिठ्ठी असते तिच्या शेजारी लिहा. थाळीत गंज किंवा पाणी दिसलं होतं का, तेही तिथेच एका शब्दात.